परमुलखातील सेवेचा पहिला आठवडा

सेमिनरीचे शिक्षण आटोपून परमुलखात सेवेसाठी निघालेल्या तरुण धर्मगुरूंची व धर्मशिक्षकांची पत्रे आम्हांस अधूनमधून येतात. कोणी आफ्रिकेत जाणार असतो, कोणी ईशान्येकडील डोंगराळ राज्यांत, तर कोणी एखाद्या धर्मप्रांताच्या निमंत्रणावरून दोन-तीन आठवड्यांच्या सेवायात्रेस. पत्रांतील प्रश्न बहुधा सामानाविषयीचे असतात. औषधे कोणती न्यावीत, मुलांसाठी चित्रे कोणती घ्यावीत, गीते कोणती बसवावीत, इत्यादी. एक प्रश्न मात्र जवळजवळ प्रत्येक पत्रात आढळतो: पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात आम्ही काय करावे? हा प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसला तरी तो मुळात ईशज्ञानाचा आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कशामुळे झाले हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

आमचा स्वतःचा असा पहिला आठवडा समुद्रापलीकडे नव्हे, तर पैनगंगेपलीकडे गेला. पांढरकवड्याहून दक्षिणेस निघालेला रस्ता ह्या नदीचा पूल ओलांडतो आणि दुकानांवरील पाट्या तेलुगू होतात. पारपत्र लागत नाही, नाणे बदलत नाही. तरीही परमुलूख म्हणून ज्याला म्हणावे ते सर्व तेथे आहे. आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहासच असा की, आपला मुलूख कोठे संपतो आणि परका कोठे सुरू होतो, हे तेथे सांगता येऊ नये. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. भाषावार प्रांतरचनेत ते मराठी मुलखाकडे आले व उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २०१४ साली तो तेलंगणात समाविष्ट झाला आणि २०१६ साली त्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे करण्यात आले. ह्या लेखात आदिलाबाद म्हणजे तो जुना, अखंड जिल्हा असे वाचकांनी समजावे. केरामेरी आणि जिवती ह्यांच्या दरम्यान डोंगरात अशीही काही गावे आहेत की, त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगतात, आणि तेथील माणसे दोन्हीकडची शिधापत्रिका बाळगून असतात.

ख्रिस्तसभेच्या दृष्टीनेही हा सरहद्दीचाच प्रदेश होय. १९६२ साली चांद्याचे मिशनक्षेत्र केरळातील सी.एम.आय. ह्या संन्यस्त संघाकडे सोपविण्यात आले, तेव्हा त्यात आदिलाबादही होते. १९९९ साली आदिलाबादचा सिरो-मलबार धर्मप्रांत वेगळा झाला. त्याचे मुख्य मंदिर मंचेरियाल येथे आहे. मल्याळम् बोलणारे धर्मगुरू चांद्याकडे मराठी शिकले, मंचेरियालकडे तेलुगू शिकले, आणि डोंगरातील गुड्यांवर जाऊन पाहतात तो तेथे गोंडी आणि कोलामी! (आपल्याकडे ज्यास पाडा म्हणतात त्यास तिकडे गुडा म्हणतात.) अशाच एका धर्मगुरूंचे पाहुणे म्हणून आम्ही, ईशज्ञानाच्या शेवटच्या वर्षातील दोन विद्यार्थ्यांसह, दिवाळीच्या आधी उटनूरच्या बाजूच्या एका गोंड गुड्यावर आठ दिवस राहिलो. तेथे ख्रिस्ती घरे चार. त्यांची काळजी वाहणारे एक वयस्क धर्मशिक्षक होते. सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणत, आणि आम्हीही तेच म्हणू लागलो.

जाताना आमच्या मनात यहेज्केल संदेष्ट्याची कथा नव्हती. ती नंतर आठवली. परंतु वाचकांस ती आधीच सांगणे बरे, कारण पुढचे सर्व तिच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते. परमेश्वराने यहेज्केलाला पाचारण केले, गुंडाळी खावयास दिली, कपाळ गारेपेक्षा कठीण केले आणि बाबेलातील बंदिवान बांधवांकडे जाण्यास सांगितले. एवढी सिद्धता झालेला मनुष्य खबार नदीकाठी तेल-अबीब येथे पोहोचताच गर्जना करील, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो त्यांच्यामध्ये सात दिवस सुन्न होऊन बसून राहिला (यहेज्केल ३:१५). पहारेकरी म्हणून त्याची नेमणूक करणारे वचन त्याला प्राप्त झाले ते सात दिवस संपल्यानंतर. ईयोबाचे मित्रही सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मूक बसले होते (ईयोब २:१३). त्यांच्या चुकांना आरंभ झाला तो आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. सात दिवसांचा हा काळ इस्राएलात शोकाचा काळ होता, हे खरे. म्हणजे संदेष्टा सेवेच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांच्या शोकात बसला होता. ज्यांच्याकडे आपण जातो त्यांचा शोक कोणता, हे ठाऊक नसताना आपण काय बोलणार?

आमच्या बाबतीत हे अज्ञान दुसऱ्याच दिवशी उघडे पडले. कापूस वेचणीचे दिवस होते; सकाळी आठ वाजता गुड्यावर म्हातारी माणसे आणि कोंबड्या एवढेच उरत. विद्यार्थ्यांपैकी एक जण मोठा उत्साही. रिकामे बसणे त्यास सहन होईना. त्याने वही काढली आणि प्रत्येक घरी जाऊन कुटुंबप्रमुखाचे नाव, माणसे किती, आजारी कोण, शाळेत न जाणारी मुले कोणती, अशी यादी करण्यास प्रारंभ केला. हेतू शुद्ध होता, आणि आम्हीच त्यास संमती दिली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. संध्याकाळी फिरावयास निघालो तेव्हा आदल्या दिवशी खाट टाकून बसविणारी घरे आमच्याकडे पाहीनात. उलट पलीकडच्या गुड्यावरून तीन माणसे चालत आली आणि आमची नावे का लिहिली नाहीत, असे विचारू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी गावचे पटेल मास्तरांकडे येऊन पुष्कळ वेळ बसले, हवापाण्याचे बोलले, आणि उठताना हळूच म्हणाले, “मास्तर, ही माणसे जंगलखात्याची तर नव्हेत?”

मास्तरांनी आम्हांस जे समजावून सांगितले ते आम्ही पुस्तकातून आधी वाचले होते. तथापि वाचणे वेगळे. ह्या मुलखात वही घेऊन नाव लिहिणारा मनुष्य म्हणजे शंभर वर्षांचा भूतकाळ होय. सरकारने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या, बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी व सावकारांनी कागद करून घेतले, आणि कागद नसलेला गोंड आपल्याच शेतावर परका ठरला. १९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम आणि त्यांचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले, ते ह्याच कारणाने. पुढे २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक ह्याहून कितीतरी अधिक सांगतात. तेथे स्मारकाचा स्तंभ उभा आहे. आजही ‘पोडू’ म्हणजे जंगलातील कसणुकीची जमीन २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कोणाच्या नावावर झाली आणि कोणाची राहिली, हाच घरोघरचा विषय आहे. यादीत नाव आले तर उठवतील की काय, ही एकाला भीती. यादीत नाव नसले तर पट्टा मिळणार नाही, ही दुसऱ्याला भीती. आमच्या विद्यार्थ्याच्या वहीने एकाच दिवसात दोन्ही भये जागी केली होती.

त्या संध्याकाळी वही पटेलांच्या हाती दिली. नववीत शिकणाऱ्या एका मुलीने ती सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखविली, आणि मग ती पाने चुलीत गेली. विद्यार्थी दुःखी झाला. परंतु त्यानंतर त्याने नावे कानाने शिकण्यास सुरुवात केली, आणि त्यात त्याची आमच्याहून पुष्कळ अधिक प्रगती झाली.

ह्याच संदर्भात एक व्यावहारिक सूचना करून ठेवतो, कारण आमच्या ऐकण्यात अशी चूक दुसऱ्यांकडूनही झालेली आहे. प्रार्थनामंदिरासाठी जागा मिळेल काय, ही चौकशी पहिल्या आठवड्यात चुकूनही करू नये. अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासींकडून इतरांकडे जाऊ नये म्हणून १९५९ चा विनियम आहे, आणि १९७० साली तो अधिक कडक करण्यात आला. लोक त्यास ‘वन सेव्हंटी’ म्हणून ओळखतात. पाहुणा जमिनीविषयी बोलू लागला की मग तो पाहुणा राहत नाही.

आता भाषेविषयी. येथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मराठी माणसाला आदिलाबादेत जी अडचण येते ती भाषा न समजण्याची नसून समजते असे वाटण्याची आहे. गोंड वडीलधाऱ्यांना मराठी येते, बाजारात चालते. पहिल्याच दिवशी आम्ही अस्खलित मराठीत बोललो, त्यांनीही उत्तरे दिली, आणि रात्री आम्ही विद्यार्थ्यांना म्हणालो की, भाषेचा प्रश्न सुटला! वस्तुतः सावकार, पाटबंधाऱ्याचा मुकादम, कापसाचा व्यापारी ह्यांच्याशी जी मराठी बोलावयाची तीच आमच्याशी बोलली जात होती: हो, नाही, बरे आहे, पाऊस कमी झाला. घरात भांडण होते ते गोंडीत, मूल निजविले जाते ते गोंडीत, आणि प्रार्थना हृदयातून निघाली तर तीही गोंडीतच निघणार. आम्ही आठ दिवसांत फार तर पन्नास शब्द शिकलो. पाणी म्हणजे ‘येर’, घर म्हणजे ‘रोन’, गाव म्हणजे ‘नार’, देव म्हणजे ‘पेन’. आमच्या उच्चारांवर मुले पोट धरून हसत. असे हसू देणे हीसुद्धा सेवाच होय, कारण त्या वेळी शिक्षक ती असतात आणि विद्यार्थी आपण.

असे असले तरी आपल्या भाषेचे त्या डोंगरांशी एक जुने आणि चांगले नातेही आहे. ते आपल्या धर्मशिक्षकांना ठाऊक असावे. गोंडांच्या कुळकथा आणि देवकथा गाणारे परधान लोक गातात गोंडीत, परंतु आदिलाबादेत त्यांची घरची बोली मराठी आहे. भीमाच्या मृत्यूनंतर असंतोषाची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञास पाठविले. महायुद्धामुळे त्यांचे वास्तव्य हैदराबाद राज्यापुरते मर्यादित झाले होते. म्हणजे एका अर्थी तेही बंदिवानच. ते व त्यांच्या पत्नी बेटी मार्लवाई येथे गोंडांमध्ये राहिले. १९४० च्या दशकात तेथे गोंड शिक्षक तयार करण्याची योजना सुरू झाली, तेव्हा गोंडीची पहिली वाचनपुस्तके छापली गेली ती देवनागरी लिपीत. थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद राज्याच्या सेवेत आदिलाबादेत असताना गोंडी शिकले आणि त्यांनी गोंडी व कोलामी ह्या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. शिवकालावरील त्यांचे ग्रंथ आपल्या वाचनालयांत असतात. हा भाग मात्र फार थोड्यांना माहीत असतो. ही दोन्ही माणसे मिशनरी नव्हती. तरीही बेटी हायमेनडॉर्फ १९८७ साली निधन पावल्या तेव्हा त्यांचे दफन मार्लवाईत झाले, आणि २०१२ साली त्यांच्या पतीच्या अस्थीही तेथेच आणून त्यांच्याशेजारी ठेवण्यात आल्या. कोणत्या मिशनऱ्यास ह्याहून अधिक मिळाले आहे?

मिशनऱ्यांमध्येही कान असलेली माणसे होऊन गेली. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी एका परधानाच्या तोंडून लिंगोची कथा उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ साली बुडून मरण पावले, आणि त्यांचे कागद १८६६ साली रिचर्ड टेंपल ह्यांनी प्रसिद्ध केले. आणि आपल्या मराठीपुरते बोलावयाचे तर फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे उदाहरण घ्यावे. ते लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. १० नोव्हेंबर रोजी, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात, त्यांनी इंग्लंडमधील वडिलांस लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. ते बव्हंशी प्रवासाचे वर्णन आहे: वारे, तारे, पक्षी, खलाशांचा आजार. नव्या देशाविषयी थोडेच लिहिले आहे, आणि त्यात झाडांचा उल्लेख येतो. द्राक्षवेल सोडली तर युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही, असे ते सांगतात, आणि माडापासून काय काय मिळते ते कुतूहलाने लिहितात. येथील लोकांना काय शिकविले पाहिजे ह्याची योजना त्या पत्रात नाही. त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले १६१६ साली. माडापासून ओवीपर्यंत सदतीस वर्षे लागली.

आमची सेवायात्रा तर आठच दिवसांची, असे वाचक म्हणतील. खरे आहे. म्हणूनच अल्पमुदतीच्या यात्रेकडून काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हे स्वच्छ मनाने ठरवावे लागते. दहा दिवसांसाठी विमानाने येऊन शाळेच्या भिंती रंगवून जाणारे तरुण आम्ही पाहिले आहेत. त्यांची भक्ती खरी असते. पण त्या गावात रंगारी असतो, आणि त्याला काम हवे असते.

प्रभू येशूने बाहत्तर शिष्यांना पाठविताना जी आज्ञा दिली (लूक १०:१-९), तिच्यातील क्रमाकडे आमचे लक्ष त्या आठवड्यातच प्रथम गेले. आपण प्रवचनात पीक व कामकरी ह्यांवर थांबतो आणि शेवटी देवाचे राज्य जवळ आल्याच्या घोषणेवर येतो. मधल्या ओळी पाहाव्यात. थैली नाही, झोळी नाही. घरात शिरताना प्रथम शांतीचे अभिवादन. मग त्याच घरात राहणे, घरे बदलू नयेत. मग जे पुढ्यात येईल ते खाणे. आणि ही गोष्ट प्रभूने दोनदा सांगितली आहे. त्यानंतर रोग्यांना बरे करणे, आणि त्यानंतर घोषणा. म्हणजे शिष्य देण्याआधी घेतो, आणि तेही ज्यांना तो अजून ओळखत नाही त्यांच्या हातून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या ‘आद जेंतेस’ ह्या आदेशपत्रात मिशनकार्याचा विचार करताना लोकांमध्ये राहून त्यांच्या परंपरांशी परिचय करून घेण्यावर भर दिला आहे. भाषा आणि इतिहास ह्यांचे ज्ञान तर तिने मिशनऱ्याच्या तयारीतच गणले आहे.

पुढ्यात येईल ते खाणे ही आज्ञा ऐकावयास सोपी आहे. पाचव्या दिवशी ती आम्हांस जड गेली. दंडारीचे दिवस होते. ह्या सणात एका गावची मंडळी वाजतगाजत दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जातात. मोरपिसांचे मुकुट घातलेले गुस्साडी पुढे असतात, रात्रभर नाच होतो, आणि यजमान गाव सर्वांस जेवू घालते. आमच्या गुड्यावरही अशी मंडळी आली. पंगत बसली, पटेलांनी आम्हांस आपल्याशेजारी बसविले. ज्वारीची भाकर, वरण आणि मटण. घास उचलणार तोच ख्रिस्ती घरांपैकी एका घरचा तरुण मागे वाकून म्हणाला, “फादर, पेनापुढे कापलेले बकरे आहे.”

धर्मगुरूंना करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दहावा अध्याय येथे आठवेल. संत पौल म्हणतो की, विश्वास न ठेवणाऱ्याने बोलाविले तर पुढ्यात येईल ते, विवेकापायी चौकशी न करता, खावे. ह्या ठिकाणचे त्याचे मूळ ग्रीक शब्द लूकच्या शुभवर्तमानातील आज्ञेच्या शब्दांशी जवळजवळ जुळतात. परंतु हे अर्पिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याकरिता खाऊ नये. विवेक आपला नव्हे, त्याचा. सेमिनरीत आम्ही हा उतारा अनेक वर्षे शिकविला. दोन माणसे एकाच पंगतीत असतात, आणि एकाचा मान राखला तर दुसऱ्याच्या श्रद्धेस ठेच लागते, ही गोष्ट मात्र फळ्यावर लिहून कळत नाही. आम्ही मटण बाजूस सारले आणि भाकर-वरण जेवलो. पटेलांनी पाहिले, बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरची म्हातारी भाकरीसोबत दोन उकडलेली अंडी घेऊन आली. तिने काही विचारले नाही आणि आम्हांस काही सांगता आले नाही.

आम्ही योग्य केले की अयोग्य? मास्तरांचे मत विचारले. ते म्हणाले, “फादर, मी तर सगळ्यांना सांगून ठेवले आहे की, मला काही सांगू नका.” हे उत्तर चातुर्याचे वाटले तरी पौलाच्या अध्यायाशी ते तंतोतंत जुळते. त्या तरुणास नवा विश्वास सांभाळावयाचा होता. आम्ही काय करतो ते तो पाहत होता, कदाचित पारखतही होता. आठ दिवसांनी आम्ही निघून जाणार, आणि आमच्या त्या एका घासाचा अर्थ लावीत तो आणि मास्तर वर्षभर राहणार. म्हणून आमचे मत असे की, अशा गोष्टींत पाहुण्या धर्मगुरूने स्वतःचा निर्णय तत्काळ चालवू नये. स्थानिक धर्मशिक्षक काय करतो ते पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्यावे आणि तसेच वागावे. मोहाच्या दारूविषयीही हेच. ती देवाला वाहिली जाते आणि पाहुण्याला दिलीही जाते. नम्रपणे हात जोडून ‘चालत नाही’ म्हटले तर कोणी राग मानीत नाही, मात्र त्यावर व्याख्यान देऊ नये.

आजाऱ्यांबद्दल थोडक्यात. एका मुलाला ताप होता. दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गोळ्या होत्या. त्या न देता मुलाला व त्याच्या आईला उटनूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, आणि दिवस रांगेत बसण्यात गेला. त्या रांगेत गोंडीचे दहा शब्द मिळाले.

रविवारी मिस्सा झाली ती तेलुगूत, आमच्या यजमान धर्मगुरूंनी अर्पिलेली. प्रवचन करण्याची त्यांनी आम्हांस विनंती केली होती, मास्तर भाषांतर करतील असेही सुचविले होते. आम्ही नको म्हणालो. ह्यात विनयापेक्षा लाजेचा भाग अधिक होता, हे कबूल करतो. वहीची गोष्ट अजून ताजी होती. चार घरांतील माणसे, शिवाय दारात उभी असलेली इतर पाचसहा. विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनेत मास्तरांनी पावसासाठी, कापसाच्या भावासाठी आणि पोडूच्या पट्ट्यांसाठी प्रार्थना केली, आणि शेवटी दंडारीला आलेल्या पाहुण्यांसाठी. त्या पाहुण्यांत आम्ही धरलेलो होतो की नाही, ते समजले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री शेकोटीशी बसलो असता पटेलांनी प्रथमच आमच्याविषयी चौकशी केली. गाव कोणते, शेत आहे काय, आई आहे काय, भाऊ किती. प्रत्येक उत्तर शेजारी बसलेला परधान म्हातारा मराठीत पुन्हा उच्चारून पाहत होता, जणू पाठ करीत होता. मग पटेलांनी विचारले, “फादर, तुम्ही किती देवांचे?”

आठ दिवस आवरून धरलेले प्रवचन आमच्या जिभेवर आले. एकच देव, ही आमच्या श्रद्धेची पहिली ओळ. आणि ती उच्चारण्याची संधी यजमानानेच दिली होती. आम्ही तोंड उघडणार तोच मास्तरांनी आमच्या गुडघ्यावर हात ठेवला. गोंडांची कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे अशा गटांत वाटलेली असतात. एका गटाचे ते सारे भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. पटेल आमचा धर्म विचारीत नव्हते. आम्ही त्यांचे भाऊ लागतो की सोयरे, आणि त्याप्रमाणे पुढच्या वेळी आम्हांस कोठे बसवावे, हे ते विचारीत होते.

मास्तर हसून म्हणाले, “पटेल, ह्यांचे लग्नच व्हावयाचे नाही, ह्यांना काय विचारता?” शेकोटीभोवती हशा पिकला. पटेल मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “तरी बसवायचे कुठे ते ठरवावे लागते.” आम्ही म्हणालो, विचार करून सांगतो. “पुढच्या दंडारीला सांगा,” असे म्हणून त्यांनी शेकोटीत आणखी एक लाकूड सरकवले.